फायबरचं बॉनेट आधी काट्यावर ठेवा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात हौशी रेसिंगच्या गाड्यांना लावायच्या हलक्या फायबर पार्टबद्दल मी चार ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा नुसता ढीग लागलाय. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी बावीस वर्षं नाशिकच्या अंबड एमआयडीसीत फायबरच्या टाक्या, कूलरच्या बॉड्या, बागेतल्या घसरगुंड्या असली कामं केली आणि रविवारी मातीत गाडी पळवली, त्यामुळे इथे जे लिहितो ते अंगाला खाज सुटून शिकलेलं आहे.

काका, माझी जुनी हॅचबॅक फक्त ऑटोक्रॉस (कोनांच्या मधून वेळ लावून गाडी पळवायची स्पर्धा) आणि ट्रॅक डेसाठी ठेवलीये. एका वर्कशॉपमधून फायबरचं बॉनेट करून घेतलं. दिसायला झकास आहे पण जुनं पत्र्याचं आणि हे, दोन्ही उचलून बघितली तर मला काही फरकच कळेना. फसलो का मी?
– एक वाचक, सिडको

अरे भाऊ, हाताने उचलून काय कळणार, काट्यावर ठेव. मी पण फसलोय, आणि मला दुसऱ्या कुणी नाही, मीच फसवलं होतं.

माझं पहिलं बॉनेट मी स्वतःच्या शेडमध्ये केलं, मारुती झेनचं. तेव्हा डोक्यात एकच, फायबर म्हणजे हलकं. मग मॅटचे, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या तुकड्यांच्या चटईचे, चार थर मारले, वाटलं अजून एक असू दे, तो मारला, मग ते मधे लपकायला लागलं म्हणून आतून प्लायच्या पट्ट्या चिकटवल्या, आणि वरचा भाग लाटांसारखा दिसायला लागला म्हणून पुट्टी, घासकाम, परत पुट्टी. पिंपळगावला मित्राचं कांद्याचं खळं आहे, तिथे गोण्या तोलायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दोन्ही बॉनेटं ठेवली. पत्र्याचं ११ किलो ४००. माझं फायबरचं १२ किलो १००. तिथला हमाल शांतपणे म्हणाला, भाऊ, भिजलंय का?

आता हे असं का होतं ते बघ. फायबरचं काम म्हणजे काचेचा धागा आणि त्याला धरून घट्ट होणारं रेझिन, आणि आपण हाताने ब्रशने मारतो तेव्हा वजन वाढवतं ते रेझिन. ४५० ग्रॅमची जी मॅट मिळते, म्हणजे एका चौरस मीटरला ४५० ग्रॅम, ती नीट भिजायला साधारण एक किलो रेझिन पिते, म्हणजे एका थराचं झालं जवळपास दीड किलो आणि जाडी आली एक मिलिमीटरच्या आसपास. गाडीचा पत्रा ०.७ मिलिमीटर धरला तर चौरस मीटरला साडेपाच किलो. म्हणजे चौथा थर मारला की तू पत्र्याच्या वरच गेलास, आणि हे सगळं रेझिन मापात वापरलं तर. कारागीर डबा ओतून मोकळा होणारा असेल तर तिसऱ्या थरालाच बरोबरी.

मग किती जाड करायचं, तर त्याचाही हिशोब आहे. मॅटचं फायबर पत्र्यापेक्षा पंचवीस-तीस पट लवचिक असतं, हे ऐकून लोक घाबरतात आणि थर वाढवत सुटतात. पण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट, तिप्पट केली की सत्तावीसपट. तेव्हा ०.७ च्या पत्र्याएवढं ताठ व्हायला फायबर २.१ मिलिमीटर लागतं, बास. म्हणजे मॅटचे दोन थर, कडांना आणि बिजागरीच्या जागी तिसरा. बॉनेट सव्वा चौरस मीटरचं धरलं तर जेलकोट (वरचा गुळगुळीत थर) आणि आतून फोमवर मारलेल्या ताठपणाच्या पट्ट्या, म्हणजे रिब, धरून साडेपाच-सहा किलोत काम बसायला पाहिजे. मी दुसऱ्या वेळी केलं ते ५ किलो ९०० भरलं, तोच काटा, तोच हमाल, या वेळी काही बोलला नाही.

तुझ्या बॉनेटचं बघायचं असेल तर उलटं कर आणि जाडी मोजायला कडेला व्हर्निअर लाव. सगळीकडे चार मिलिमीटर येत असेल तर वजन गेलंच हातचं. आतून हात फिरव, धाग्याची जाळी हाताला लागली पाहिजे, काचेसारखं गुळगुळीत तळं साचलेलं असेल तर ते नुसतं रेझिन आहे, त्याने ताकद कवडीची येत नाही, उलट तिथेच तडा जातो. आणि पुढच्या वेळी वर्कशॉपवाल्याला 'मजबूत कर' असं चुकूनही म्हणू नकोस. मजबूत म्हटलं की आपल्याकडे माणूस जाड करतो. किलो सांग. सहा किलोच्या वर गेलं तर घेणार नाही असं आधीच सांग, मग बघ तो रेझिन कसं मोजून ओततो ते.

एक राहिलंच. कंपनीचं लॉक तसंच ठेवलं असेल तर आजच बॉनेट पिना बसवून घे, पुढे दोन. वेगात बॉनेटच्या वरून हवा पळते तिथे दाब कमी होतो आणि बॉनेट वर ओढलं जातं, पत्रा ते सहन करतो, पण फायबरमध्ये नुसते स्क्रू मारून बसवलेलं लॉक उपटून येतं. पिनेच्या भोकाभोवती आतून दोन जास्तीचे थर आणि खाली रुंद वॉशर.

बॉनेटच्या मागच्या बाजूला, काचेजवळ, बिजागरीखाली वॉशर घालून बॉनेट इंचभर उचललं तर गरम हवा निघून जाते असं मित्र सांगतो. खरंय का?
– एक वाचक, नाशिक रोड

गाडी उभी असताना खरंय. पळायला लागली की समोरच्या काचेच्या पायथ्याशी हवा आदळून दाब वाढतो, म्हणूनच तर गाडीच्या आतल्या एसी-ब्लोअरची हवा घ्यायची जाळी तिथे असते. म्हणजे त्या फटीतून हवा बाहेर जायच्या ऐवजी आत घुसायला बघते. खिडक्याच पाडायच्या तर बॉनेटच्या पुढच्या-मधल्या भागात, रेडिएटरच्या जरा मागे पाड. मित्राला सांग, वॉशर काढून चहाच्या टपरीच्या बाकड्याला लाव, ते जास्त हलतं.

कार्बन फायबर घ्यावं की काचेचं फायबर? बजेट बेताचंच आहे पण कार्बनचं नाव ऐकलं की मन राहवत नाही.
– एक वाचक, गंगापूर रोड

मन राहवत नाही ते मला कळतं, मला पण राहवत नव्हतं. १९८१ साली मॅक्लारेनने एमपी४/१ ही गाडी आणली, जॉन बर्नार्डने डिझाइन केलेली, फॉर्म्युला वनमधली पहिली कार्बनच्या सांगाड्याची गाडी. तो सांगाडा अमेरिकेत युटामध्ये हर्क्युलिस नावाच्या एरोस्पेस कंपनीकडून करून आणला होता, कारण गाडीवाल्यांना ते काम येतच नव्हतं. त्याच वर्षी मोंझाला जॉन वॉटसनने ती गाडी अशी आदळली की मागचा भाग इंजिनासकट तुटून वेगळा झाला आणि हा बाबा स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आला, तेव्हा कुठे लोकांचा विश्वास बसला. आपल्या ओझरचं म्हणाल तर एचएएलमध्ये ज्या तेजसची जुळणी होते त्या विमानाच्या सांगाड्यात वजनाने ४५ टक्क्यांच्या आसपास कॉम्पोझिट आहे. तेव्हा वस्तू भारीच आहे, वादच नाही.

पण तुम्ही बॉनेट करताय, विमान नाही. आत्ताच वर हिशोब दिला, काचेच्या फायबरचं नीट केलेलं बॉनेट सहा किलोत बसतं. तेच कार्बनच्या कापडाने, मधे फोमचा कोअर घालून, व्हॅक्यूम लावून केलं तर तीन किलोच्या आसपास येईल. म्हणजे पत्र्यावरून काचेवर आलात तेव्हा साडेपाच किलो वाचले आणि काचेवरून कार्बनवर गेलात तर वरचे तीन, आणि या तीन किलोंसाठी कापडाला कितीतरी पट पैसे. त्याच्या आधी गाडीतून स्टेपनी काढा, मागचं सीट काढा, डिकीत पडलेली ती भजनी मंडळाची सतरंजी काढा, फुकटात चाळीस किलो गेले.

मधला मार्ग आहे आणि तो कार्बनपेक्षा हुशारीचा आहे, सँडविच. किराणा मालाचा पुठ्ठ्याचा खोका बघा, आत नागमोडी कागद, दोन्हीकडून साधा कागद, वजन काहीच नाही आणि वर माणूस बसतो. तसंच काचेच्या कापडाचा एक पातळ थर, मधे पाच मिलिमीटर फोम, खाली परत एक पातळ थर. धागा दोन्ही कडांना लांब गेला की जाडीच्या घनाचा तो फायदा फुकटात मिळतो. मोठ्या सपाट पार्टला, म्हणजे बॉनेट, छताचं पॅनेल, गाडीच्या पोटाखालचा अंडरट्रे, याला कार्बनपेक्षा काचेचं सँडविच हे माझं मत. विंगच्या, म्हणजे हवेच्या जोराने गाडी खाली दाबणाऱ्या आडव्या पात्याच्या, ब्लेडला मात्र कार्बन घालावंसं वाटलं तर घाला, तिथे लांबी जास्त, रुंदी कमी, आणि ते वाकू नये हीच सगळी गंमत असते.

आणि कार्बनला एक खोड आहे ती कुणी सांगत नाही. त्यातून वीज वाहते. ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटला कार्बन थेट लावलं आणि पावसाळाभर त्र्यंबककडे गाडी भिजली की ॲल्युमिनियम पांढरं पडून खायला लागतं. मधे काचेच्या कापडाचा एक थर किंवा रबर घालायचं. आणि बाजारात जे स्वस्तातलं कार्बन मिळतं त्यात बऱ्याचदा वर कार्बनचा एक थर दाखवायला आणि खाली सगळी मॅट असते, किंवा तेही नाही, नुसता छापील स्टिकर. काटा काढा हो, काटा खोटं बोलत नाही.

काका, माझ्या ऑटोक्रॉसच्या स्विफ्टला मागे मोठी विंग लावायचीये, अंदाजे चार फूट लांब. मातीवर मागची बाजू फार घसरते. किती फायदा होईल?
– एक वाचक, देवळाली कॅम्प

फोटो चांगले येतील.

चिडू नकोस, आकडे देतो. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट तर जोर चौपट. विंग १.२ मीटर लांब, पाव मीटर रुंद आणि बऱ्यापैकी आकाराची धरू. ताशी ६० ला ती गाडीला खाली दाबेल सहा किलोने, म्हणजे डिकीवर एक बरं कलिंगड ठेवल्यासारखं. १२० ला चोवीस किलो, अर्धी सिमेंटची गोणी. १८० ला चोपन्न, आख्खी गोणी. आता सांग, ऑटोक्रॉसच्या मातीत कोनांच्या मधून वळताना तुझा स्पीडोमीटरचा काटा किती दाखवतो? चाळीस, पन्नास, सरळ पट्टीत जेमतेम सत्तर. विंग आणि तिचे पाय धरून वजनच पाच किलो झालं तर तू कलिंगड ठेवायला तेवढ्याच वजनाची परात घेऊन हिंडतोयस.

आणि स्विफ्ट पुढच्या चाकांवर ओढणारी गाडी. विंग मागच्या ॲक्सलच्या अर्धा मीटर मागे लावली की ती झोपाळ्यासारखी पुढची बाजू उचलते. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २.४ मीटर धर, १२० च्या वेगाला चोवीस किलो मागे पडले तर पुढच्या चाकांवरून पाच किलो कमी होतात. म्हणजे ज्या चाकांनी ओढायचं, वळायचं आणि जास्त ब्रेक पण मारायचा त्यांच्याच अंगावरचं तू काढून घेतोस. मातीवर मागची बाजू घसरते त्याला टायर, मागच्या टायरची हवा, शॉकॉब हे बघ आधी. रॅली ऑफ महाराष्ट्र आपल्या नाशिकच्या रस्त्यांवर व्हायची तेव्हा आम्ही पहाटे थंडीत कडेला उभं राहून बघायचो, मातीच्या स्टेजवर पुढच्या बंपरचा खालचा भाग कोण जाणे कितव्या दगडाला ठेवून आलेल्या गाड्या यायच्या आणि तरी जिंकायच्या.

डांबराच्या ट्रॅकवर, म्हणजे कोईम्बतूरच्या कारी किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जाणार असशील तर मात्र विंगचा विचार कर, पण पुढे स्प्लिटर (बंपरखालून पुढे काढलेली आडवी फळी) घेऊन, दोन्ही मिळून, नाहीतर नको. हॅचबॅकच्या छताच्या मागे हवा तुटून भोवरे होतात, त्या भोवऱ्यात बुडवलेली विंग काहीच करत नाही, तिला छताच्या वरच्या स्वच्छ हवेत आणावी लागते. कुठे स्वच्छ आणि कुठे भोवरा हे बघायला आईच्या लोकरीच्या गुंड्यातून बोटभर तुकडे काप, टेपने छतावर आणि काचेवर ओळीत चिकटव, आणि ट्रॅकवर मागच्या गाडीतून मित्राला व्हिडिओ काढायला सांग. सरळ मागे झोपलेले तुकडे म्हणजे हवा चिकटून चाललीये, गोल गोल नाचणारे म्हणजे तुटलीये. याहून स्वस्त विंड टनेल मला माहीत नाही.

पाय मात्र डिकीच्या पत्र्यात चार स्क्रू मारून बसवू नकोस, हात जोडून सांगतो. १९६९ ला स्पेनमध्ये मॉन्टजुइकच्या शर्यतीत ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट, दोघांच्याही लोटसच्या उंच विंगा एकाच दिवशी मोडल्या, दोन्ही गाड्या आदळल्या, रिंट जखमी झाला आणि पुढच्याच मोनॅकोच्या शर्यतीच्या वेळी उंच विंगांवर बंदी आली. ते तर जगातले सगळ्यात हुशार लोक होते. आपण तरी पत्र्याखाली तीन मिलिमीटरची प्लेट घालू, पाय चेसिसच्या जाड भागाला नेऊ, आणि बसवल्यावर विंगवर, चोवीस किलो येणार असतील तर पन्नास किलोची वाळूची गोणी ठेवून बघू. वाकली तर घरी वाकलेली बरी.

सर, आम्ही इंजिनिअरिंगच्या मुली-मुलांची टीम आहोत, कॉलेजची फॉर्म्युला स्टुडंट गाडी (विद्यार्थ्यांच्या स्पर्धेची छोटी रेसकार) करतोय. नोजकोनसाठी (गाडीच्या पुढच्या नाकासाठी) थर्माकोलचा पॅटर्न कापला, त्यावर फायबर मारायला घेतलं तर पॅटर्न विरघळून खाली बसला. मग दुसरा केला, त्यावर कापडाचा टेप लावून मारलं, तर चार दिवस झाले तरी चिकट आहे. काय चुकतंय? तसंच ओळखीच्या एकांनी मुदत संपलेलं कार्बन प्रीप्रेग देऊ केलंय, घ्यावं का?
– टीमची कॅप्टन, नाशिक

पोरी, गणपतीच्या मखराचा थर्माकोल उरलेला होता ना? मला खात्री आहे. पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, त्यामुळे साखर चहात जाते तसा तो जातो. माझ्या शेडमध्ये हे प्रत्येक नव्या पोराने एकदा केलंय, मी मुद्दाम थांबवायचो नाही, कारण एकदा बघितलेलं आयुष्यभर लक्षात राहतं. यावर दोन उपाय, पॅटर्न पीयू (पॉलियुरेथेन) फोमचा करा, तो पॉलिस्टरला दाद देत नाही, नाहीतर थर्माकोलच ठेवा आणि रेझिन इपॉक्सी वापरा. टेप लावला तरी कुठेतरी फटीतून स्टायरीन आत शिरतंच.

पण इपॉक्सीला गेलात तर मॅट घेऊ नका. या चॉप स्ट्रँड मॅटचे तुकडे एकमेकांना धरून ठेवायला जो बाइंडर असतो तो स्टायरीनमध्ये विरघळावा म्हणून केलेला असतो, इपॉक्सीत तो विरघळत नाही, मॅट ताठ राहते, वळणावर बसत नाही आणि पांढरी दिसते. इपॉक्सीबरोबर विणलेलं कापड घ्या.

आता चिकटपणा. तुम्ही काम कुठे आणि कधी केलं ते लिहिलं नाही, पण पत्रावरची तारीख जानेवारीतली आहे आणि वर्कशॉप उघड्या शेडमध्ये असणार. निफाडला पारा पाच-सहावर उतरला की द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात, तुम्ही नाशकात त्याच रात्री रेझिन मारून घरी गेलात. पॉलिस्टर पंधरा डिग्रीच्या खाली सेट व्हायला कुरकुर करतं, आणि एकदा अर्धवट राहिलं की नुसतं वाट बघून सुधारत नाही, ऊब द्यावी लागते. पार्टवर गोधडी टाकू नका, चिकटेल, दोन जुने पिवळे बल्ब आणि वर पुठ्ठ्याचं खोपटं, आत पन्नासच्या वर जाऊ देऊ नका, थर्मामीटर ठेवा आणि एकाने तिथेच बसायचं, कारण हे जळणारं सामान आहे. एका दिवसात ठणठणीत झालं नाही तर हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) कमी पडलाय किंवा नीट ढवळलेला नाही, मग खरवडून परत. पॉलिस्टरमध्ये हार्डनर एक ते दोन टक्के, थंडीत दोनच्या बाजूला, मे महिन्यात एकच्या. इपॉक्सीत हा खेळ अजिबात करायचा नाही, तिथे डब्यावर जे प्रमाण लिहिलंय तेच, सोनाराच्या काट्यावर मोजल्यासारखं. हार्डनर जास्त टाकलं की लवकर सेट होतं हा पॉलिस्टरवाल्यांचा भ्रम आहे, इपॉक्सीत जास्तीचं हार्डनर नुसतं मधे पडून राहतं आणि पार्ट कायमचा मऊ.

नोजकोनचं वजन कमी करायचं असेल तर व्हॅक्यूम बॅग शिका. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर किंवा एसी मेकॅनिकचा पंप, जाड प्लास्टिक, आणि कडांना चिकट टेप. पिशवीतली हवा पूर्ण काढली तर वातावरण त्या पार्टला एका चौरस मीटरला नऊ टनांहून जास्त जोराने दाबतं, समुद्रकाठी हे दहा टन, आपण सहाशे मीटरवर असल्याने थोडं कमी. तेवढ्या दाबाने जास्तीचं रेझिन वरच्या कापडात निघून येतं. निघालेलं ते कापड काट्यावर ठेवा, किती वजन तुम्ही फेकायला निघाला होतात ते कळेल. पहिल्या वेळी हवा गळणारच, सूंऽऽ असा आवाज जिथून येतो तिथे कान नेऊन शोधायचं, दुसरी ट्रिक नाही.

प्रीप्रेग म्हणजे कापडात रेझिन आधीच भरून ठेवलेलं, ते उणे अठराला डीप फ्रीझमध्ये ठेवावं लागतं आणि बरंचसं १२० ते १८० डिग्रीला भाजावं लागतं. तुमच्याकडे ओव्हन आहे का? बेकरीवाला तयार होईल, मग त्याचे पाव कुणी खाणार नाही. आणि फ्रीझर कुणाच्या घरचा, आईने मटार भरून ठेवलेला? मुदत संपलेलं असेल तर त्यावर जीव अवलंबून असलेला पार्ट मुळीच करू नका, क्रॅश स्ट्रक्चर, म्हणजे धडक झेलणारा भाग, वगैरे तर नावच नको. ट्रेसारखं काहीतरी करून हात बसवायला ठीक आहे. बाकी नोजच्या आणि विंगच्या पुढच्या कडा किती गोल हव्यात, विंग हाताने दाबल्यावर किती हलली चालते, हे सगळं स्पर्धेच्या नियमात लिहिलेलं असतं, पॅटर्न कापायच्या आधी वाचा. स्पर्धेसाठी कोईम्बतूरला जाऊन तपासणीच्या रांगेत कानस घेऊन बसलेल्या टीम मी बघितल्यात.

स्प्लिटरसाठी दुकानांच्या पाट्यांना लावतात ते एसीपी शीट चालतं का? की प्लायवूड?
– एक वाचक, पंचवटी

चालतं, आणि सुरुवातीला मी तेच सांगतो. तीन मिलिमीटरचं एसीपी म्हणजे दोन्हीकडे ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा आणि मधे प्लास्टिक, सँडविचच झालं, चौरस मीटरला पावणेचार किलोच्या आसपास. बारा मिलिमीटरचा प्लाय त्याच मापाला आठ किलो, पण प्लाय ताठ आहे आणि ठोकर बसली तर नुसता कोपरा उडतो. पाटीवाल्याकडे कापून उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात, माझ्या पहिल्या स्प्लिटरच्या खालच्या बाजूला 'ज्वेलर्स' हे शब्द उलटे होते.

स्प्लिटरचं खरं काम त्याच्या खाली चालतं. वर बंपरला अडलेली हवा दाबते आणि खालून पळणारी हवा ओढते, दोन्ही मिळून तो खाली जायला बघतो, म्हणून पुढच्या कडेला दोन वायर रोप किंवा रॉड वर चेसिसला बांधायचेच, बंपरला नाही, बंपर प्लास्टिकचा असतो आणि सगळं घेऊन खाली येतो. आणि स्प्लिटर लवला की जमिनीला घासतो, घासला की तुटतो, तुटला की स्वतःच्याच चाकाखाली. चार इंच पुढे काढलास तर पुरे, पापडाएवढा बाहेर काढून ट्रॅकच्या कर्बवर ठेवून येऊ नकोस.

हे सगळं लावून गाडी रोज ऑफिसला नेली तर चालेल का?
– एक वाचक, इंदिरानगर

नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा, कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलात बदल होईल असं काही गाडीला करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच पक्कं केलंय. आणि कायदा सोडा, धारदार कडेचा स्प्लिटर द्वारका सर्कलच्या गर्दीत कुणाच्या पोटरीला लागला तर? एमएच १५ ची गाडी एमएच १५ च्या रस्त्यावर जशी शोरूममधून आली तशी चालवा, रेसची गाडी ट्रेलरवर न्या.

भाऊ, नमस्कार. मी गाड्यांमधली नाही, पण घरी मासिक येतं म्हणून विचारते. माझा मुलगा गॅलरीत बसून गाडीचं काहीतरी फायबरचं करतो. घरभर उग्र वास येतो, डोकं दुखतं. त्याचे हात लाल झालेत आणि परवापासून मलाही अंगाला खाज सुटलीये. हे धोक्याचं आहे का?
– एक आई, पाथर्डी फाटा

ताई, बरं झालं विचारलंत, या अंकातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुमचा आहे.

तो वास स्टायरीनचा. घरात तो नकोच, गॅलरी ही काही उघडी जागा नाही, तिथून सगळं बैठकीत येतं. त्याला सांगा गच्चीवर किंवा कुणाच्या शेडमध्ये जा, आणि वाफेसाठी जो डब्याचा मास्क मिळतो तो घाल, करोनातला कापडी मास्क याला काही कामाचा नाही.

दुसरं, त्याच्याकडे दोन छोट्या बाटल्या असतील, एक जांभळट रंगाचं, त्याला तो कोबाल्ट म्हणत असेल, आणि एक पाण्यासारखं, ते हार्डनर, एमईकेपी. या दोन बाटल्या एकत्र एका कप्प्यात ठेवायच्या नाहीत आणि एकमेकांत थेट कधीही मिसळायच्या नाहीत, भडका उडतो, स्फोटसुद्धा होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळून मगच हार्डनर. आणि ते हार्डनर डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो, हे मी घाबरवायला लिहीत नाहीये, त्याने गॉगल लावल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडायचं नाही. गेलंच तर लगेच नळाखाली पंधरा मिनिटं तरी धुवायचं आणि तसंच डॉक्टरकडे. उरलेलं रेझिन मगमध्ये ठेवून जेवायला येत असेल तर तेही बंद, मगमध्ये ते स्वतःच तापतं, धूर निघतो, आमच्याकडे एकदा प्लास्टिकचा डबा वितळून टेबलाला भोक पडलं होतं. उरलेलं पत्र्यावर पातळ पसरून ठेवायचं.

खाज ती काचेच्या बारीक कुसळांची. तो ग्राइंडरने घासतो तेव्हा ती उडतात, कपड्यात बसतात. अंगावर आली तर आधी गार पाण्याने, न चोळता धुवायचं. घासायचं काम ओल्या कागदाने, पाणी लावून करायला सांगा, धूळ उडत नाही. हात लाल आहेत ते कमी होत नसतील तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, रेझिनची ॲलर्जी एकदा जडली की जात नाही, मी स्वतः आता इपॉक्सीच्या डब्याजवळ हातमोज्यांशिवाय जात नाही.

तुम्हाला खाज कशाने आली तेही सांगतो. त्याचे कामाचे कपडे तुमच्या वॉशिंग मशीनमध्ये घरच्या कपड्यांबरोबर जात असणार, आणि ती कुसळं तुमच्या साड्यांत उतरली. मशीन एकदा रिकामं फिरवून घ्या. त्याचे कपडे इथून पुढे वेगळ्या बादलीत, आणि धुणार तो.